पुलावर कुणीच नाही

थेसालोनिकी, १४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

असं लिहिताना मला अजून हसू येतं. कॉलेजात माझ्या शेजारी बसून तासाला डुलक्या काढणारी अरिस्तेया माझ्याच भावाशी लग्न करते काय, आणि मला ‘वन्सं, वन्सं’ म्हणून म्हातारी करून टाकते काय! लांब्रोसची आणि तुझी ओळख करून दिली हे माझंच चुकलं.

आता कामाचं. अक्रोनेरीच्या पुलाचं काम आपल्या कंपनीला मिळालंय हे तुला कळलंच असेल. माझंच गाव, माझाच पूल! जहाज आलं की तो उचलणारी माणसं निवृत्त होतायत, नव्या वर्षापासून संगणकच उचलणार. त्याचं मॉडेल मी इथं करायचं: फाटकं, मोटारी, दिवे, भोंगा, कशानंतर काय, सगळं. त्या मॉडेलातूनच पुढे प्रोग्राम निघणार. आणि तिकडे पात्राच्या ऑफिसात तपासणीचं वेगळं मॉडेल करायचं ते तू. बंदर खात्याच्या मागण्या दोघींना त्याच, पण तू माझं काम बघायचं नाही आणि मी तुझं बघायचं नाही. शेवटी दोन्ही मॉडेलं समोरासमोर चालवायची. जिथं त्यांचं भांडण होईल तिथं कुणाची तरी चूक आहे असं धरायचं.

आपल्या काप्सालिससाहेबांना काळजी आपल्या नात्याची. मला बोलावून म्हणाले, “तुम्ही दोघी आपसात बोलणार नाही कशावरून?” मी म्हटलं, “साहेब, नणंद-भावजयींनी संगनमत केलेलं कधी ऐकलंत का?” हसले आणि सही घेतली. तुझीही घेतील. एकीची चूक दुसरीनं उचलली तर तपासणीला अर्थच उरत नाही, हे मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

म्हणून फोन बंद. फोनवर आपल्या दोघींच्याही जिभेला हाड नसतं. घरचं काय ते कागदावर लिहू, लिहिताना हात जरा तरी विचार करतो.

महिनाअखेरीस संत दिमित्रिओसच्या सणाला लांब्रोस इकडे येतोय म्हणे. खाऊ-पिऊ घालून परत पाठवते. क्विन्सचा मुरंबा आणि आईनं विणलेली शाल तुझ्यासाठी त्याच्याबरोबर देईन. वाटेत मुरंबा संपला तर मला सांग.

तुझी,
पोलिक्सेनी

---

पात्रा, ४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

लांब्रोस पोचला आणि तू दिलेलं सगळं सुखरूप पोचलं. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, “पोलिक्सेनीनं दिलंय. पण यावर चकार शब्द काढायचा नाही, तिला आवडणार नाही.” म्हणून फार लिहीत नाही. अगदीच काही न लिहिणं मात्र माझ्यानं होत नाही. तू माझ्यासाठी एवढं करशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी रडले, खरंच सांगते.

इकडची अवस्था तुला ठाऊक नाही. आमच्यातले दोघं जर्मनीला गेले, त्यांचं काम माझ्या डोक्यावर. साहेब म्हणतात, नाताळाच्या आत पुलाची तपासणी झाली तर कायम करू, नाहीतर करार संपला की रामराम. लांब्रोसच्या बोटींच्या रंगाच्या दुकानात हिवाळ्यात माशीसुद्धा फिरकत नाही. माझी नोकरी गेली तर हे घर सोडावं लागेल. अशा वेळी तू हात दिलास. सख्खी बहीण असती तरी तिनं केलं नसतं.

मुरंबाही छान होता. अर्धाच पोचला.

तुझी,
अरिस्तेया

---

थेसालोनिकी, १२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

अगं वेडे, रडायचं काय त्यात? उपकार-बिपकार परत लिहिलंस तर बघ. घरातलंच घरात गेलं. तुझ्या उपयोगी पडलं ना, मग झालं. बिनधास्त वापर, पाहुण्यासारखं जपून कपाटात ठेवू नकोस.

लांब्रोस इथं होता तेव्हा सुट्टी असूनही मी घरी काम घेऊन बसले होते, त्यामुळे त्याच्याकडे नीट बघता आलं नाही. मी नाश्त्याला बुगात्सा आणायला खाली बेकरीत गेले की तो माझ्या टेबलाशी बसून संगणकावर पत्ते खेळायचा. चाळिशीला आला तरी पोरपण जात नाही. तुझं मात्र त्यानं तोंड भरून कौतुक केलं. “ती फार दमते गं,” म्हणाला. मला बरं वाटलं.

नोकरीचं मनावर घेऊ नकोस, होईल सगळं नीट.

तुझी,
पोलिक्सेनी

---

थेसालोनिकी, १० डिसेंबर

अरिस्तेया,

फोन केला तर मी ओरडेन, म्हणून लिहिते आहे.

आज दोन्ही मॉडेलं समोरासमोर चालली. एकामागून एक चाचणी पास. इतकं जुळलेलं काम आजवर बघितलं नाही म्हणून साहेबांनी सगळ्यांना चॉकलेटं वाटली. एकच भांडण निघालं, फाटकांचं. खात्याच्या नकाशात डावं फाटक बेटाच्या बाजूचं आहे. तुझ्या मॉडेलात ते गावाच्या बाजूला. मला वाटलं, बिचारीचं घाईत झालं असेल. शेवटच्या टप्प्यावर एकमेकींचं काम उघडता येतं, म्हणून तुझं उघडलं.

ती चूक माझी आहे, अरिस्तेया. सणाच्या सुट्टीत घरी बसून मी फाटकं नकाशाकडे न बघता आठवणीतून मांडली होती, आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूल जसा दिसतो तशी. सुट्टीनंतर ऑफिसात पाऊल टाकताच लक्षात आलं आणि दुरुस्त केली. म्हणजे ती चूक फक्त त्या सुट्टीपुरती, फक्त माझ्या घरच्या संगणकावर होती. तू योआनिनाची, डोंगरातली. त्या खिडकीत उभी राहून तू मोठी झालेली नाहीस. ही चूक तुला सुचूच शकत नाही.

मग बाकीचं बघत गेले. नावं बदललीयस, मांडणी इकडची तिकडे केलीयस. खाली सगळं माझं.

त्या सुट्टीत माझ्या घरात लांब्रोस होता. तूच पाठवलंस ना त्याला? मी त्याच्यासाठी मासे तळत होते आणि तो माझ्या टेबलाशी बसून माझं काम चोरत होता. माझा भाऊ! कशाचे आभार मानत होतीस ते आज कळलं. चोरी करून वर माझ्या तोंडावर आभार मानायला केवढी छाती लागते गं? मी मूर्खासारखी शालीचं समजले. लाज कशी वाटली नाही तुम्हा दोघांना?

मी अजून कुणाला काही बोललेले नाही. तुझ्या उत्तराची वाट बघते आहे. काय ते खरं लिही.

पोलिक्सेनी

---

पात्रा, १६ डिसेंबर

पोलिक्सेनी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लांब्रोस दुकानातून आल्यावर ते त्याच्यापुढे ठेवलं.

“तू म्हणालास, तिनं दिलंय.”

“मागितलं असतं तर दिलंच असतं तिनं.”

“मागितलंस का?”

“अगं, दोघी घरच्याच. एकीचं काम झालेलं, दुसरी मरमर मरतेय. मी फक्त इकडचं तिकडे केलं. त्यात कुणाचं काय बिघडलं?”

आणि मग विचारलं, जेवायला काय आहे.

पिशवीत शाल होती, मुरंबा होता आणि एक पेन ड्राइव्ह होता. मला वाटलं, तिन्ही तू दिलीस. मी आभार मानले, तू लिहिलंस, ‘बिनधास्त वापर.’ तू शालीबद्दल लिहीत होतीस हे मला आता कळतंय. ज्याच्याबरोबर संसार केला त्यानं माझ्याशी खोटं बोलावं आणि ते मला तुझ्या शिव्यांमधून कळावं, याला काय म्हणू?

पण वापरलं मी. नियम मला माहीत होता, सही माझी होती. तू दिलंस असं समजून वापरलं, तरी ती फसवणूकच. ती मी नाकारत नाही. मंगळवारी साहेब पात्राला येतायत. मी स्वतः जाऊन त्यांना सांगणार आहे. तू एवढे दिवस गप्प राहिलीस, ते मी विसरणार नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी ऑक्टोबरात करायला हवं होतं ते काम केलं. तुझं सगळं बाजूला ठेवलं, नुसता मागण्यांचा कागद घेतला आणि माझं मॉडेल मांडलं. घाईचं आहे, ओबडधोबड आहे, पण माझं आहे. पोलिक्सेनी, त्यात तुझा पूल नापास झाला.

मागणी अशी आहे की पूल रिकामा असल्याशिवाय उचलू नये. रिकामा म्हणजे काय? तू म्हणतेस, खांबांवरच्या रडारला हलणारं काही दिसलं नाही की रिकामा. बराच वेळ न हललेली वस्तू पुलाचाच भाग धरायची. कुणाचं पडलेलं खोकं पूल अडवून बसू नये म्हणून तू हे केलंस, कळतं मला. पण सहा जानेवारीला, थिओफानियाच्या सणाच्या दिवशी काय होतं? पाद्रीबुवा पुलावरून क्रूस पाण्यात टाकतात तेव्हा अख्खं गाव तिथं खच्चून उभं असतं. प्रार्थना चालू असते, कुणी हलत नाही, हलायला जागाच नसते. तुझ्या मॉडेलाला तेव्हा पुलावर कुणीच दिसत नाही. खाली निशाणं लावलेल्या बोटी जमलेल्या असतात. एखादीनं वाट मागितली की पूल माणसांसकट उठायला लागेल. इशाऱ्याचा भोंगा वाजेल, पण त्या दिवशी सगळ्याच बोटी भोंगे वाजवत असतात.

त्याच गावची तू हे विसरलीस कशी, याचं मला नवल वाटलं. मग आठवलं. गर्दीत चेंगरशील म्हणून सासूबाई तुला घरातच ठेवायच्या, तू खिडकीतून बघायचीस. सुनेला मात्र दरवर्षी हाताला धरून पुलावर नेतात. माझे पाय तिथं गारठलेत. हे मला ऑक्टोबरातच सुचलं असतं. तुझं आयतं हातात आलं आणि मी विचार करणं सोडून दिलं.

अरिस्तेया

---

थेसालोनिकी, १९ डिसेंबर

अरिस्तेया,

तुझं पत्र आज आलं. मंगळवार कालच होऊन गेला, म्हणजे तुला सगळं कळलं असणार. तरी माझ्या तोंडून ऐक.

‘अजून कुणाला काही बोललेले नाही’ हे मी खोटं लिहिलं. ते पाकीट पेटीत टाकायच्या आधीच मी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून आले होते. राग होताच. त्याहून जास्त भीती होती, की तू आधी पोचशील आणि म्हणशील, ‘वन्संनीच दिलं.’ तू गाफील राहावीस म्हणून तसं लिहिलं. साहेबांनी सुचवलं असं सांगून मला सुटता आलं असतं, पण त्यांनी सुचवलं नव्हतं. ती माझीच अक्कल.

लांब्रोसला फोन केला. म्हणाला, “तुम्ही दोघींनी राईचा पर्वत केलात.” आईला केला. ती म्हणाली, “त्याला बोलू नकोस गं, तो भोळा आहे.” मी फोन ठेवून दिला. लहानपणापासून त्यानं फोडलेल्या प्रत्येक काचेवर आईचं हेच उत्तर होतं, आणि मलाही ते गोड वाटायचं.

उभ्या माणसांचं तुझं बरोबर आहे. ते तू साहेबांना सांगितलंच असशील, त्यामुळे निदान तेवढं तरी मार्गी लागलं.

पोलिक्सेनी

---

पात्रा, २७ डिसेंबर
(कुरियरने)

पोलिक्सेनी,

सांगितलं. पण तोंड उघडायच्या आधी साहेबांनी बडतर्फीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी कबुली द्यायला गेले होते आणि पकडलेली चोर म्हणून बाहेर आले. तुला वाटेल, शेवट तोच. तो नाही. स्वतःहून सांगणं एवढीच एक गोष्ट माझ्याकडे उरली होती, ती तू काढून घेतलीस. आणि मी तुझ्या गप्प राहण्याचं कौतुक लिहीत बसले होते.

तरी मी उभ्या माणसांचा विषय काढला. साहेब म्हणाले, “बाई, तुमचं ढापलेलं उघडं पडलं म्हणून आता दुसऱ्याच्या कामात खोट काढताय?” माझं मॉडेल त्यांनी उघडूनही बघितलं नाही. दुसऱ्या माणसाकडून त्या जुन्या, तुझ्यावरून उचललेल्या मॉडेलातलीच फाटकं दुरुस्त करून घेतली, सगळं जुळलं, पूल ठरल्याप्रमाणे नव्या वर्षाला सुरू. नाताळाच्या सुट्टीत बंदर खात्यात कुणी फोन उचलत नाही. एकानं उचलला, माझं नाव विचारलं आणि थोड्या वेळानं म्हणाला, तुमच्याविषयी आम्हाला कळवण्यात आलंय.

माझ्या शब्दाला आता कवडीची किंमत नाही. तुझ्या शब्दाला आहे. मला तुझी माफी नको आणि नोकरीही परत नको. थिओफानियाच्या आधी पूल थांबव. तुझी आई त्यावर उभी असणार आहे.

लांब्रोस बाहेरच्या खोलीत झोपतो आणि रोज विचारतो, अजून किती दिवस तोंड फुगवून बसणार.

अरिस्तेया

---

थेसालोनिकी, ३ जानेवारी
(कुरियरने)

प्रिय वहिनी,

पूल थांबला. आधी ते वाच, मग पुढचं.

सुट्ट्यांमुळे तुझं कुरियर कालच मिळालं, तशीच साहेबांच्या घरी गेले. नव्या वर्षाचा केक कापून झाला होता, पाहुणे बसले होते. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि म्हटलं, “चूक माझी आहे. माझं मॉडेल उभ्या माणसांना पुलाचा भाग समजतं.” त्यांना पटेना, तेव्हा तिथंच चालवून दाखवलं. पडद्यावर पूल माणसांनी भरलेला आणि शेजारी लिहून आलेलं, पूल रिकामा. त्यांचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, “हे अरिस्तेयानं शोधलंय. तिचं नाव घालून खात्याला कळवा.”

ते म्हणाले, “त्यांचं नाव घातलं तर खातं विचारणार, त्यांना कामावरून का काढलं? मग सगळं प्रकरण बाहेर. वकील येतील, समिती बसेल, तोवर पूल चालूच. तुम्हाला स्वतःला सापडलं असं लिहा. आत्ता फोन करतो, पूल आजच थांबतो.”

“ते खोटं आहे.”

“मग खरं लिहा, आणि सहा तारखेला काय होतं ते बघू.”

मी सही केली. त्यांनी तिथूनच फोन लावला. जुनी माणसं परत बोलावली आहेत, दुरुस्ती होईपर्यंत पूल हातानं चालेल.

आज मला शाबासकीचं पत्र मिळालं. स्वतःची चूक स्वतः पकडली म्हणून. मी ते फाडलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू. तुझं नाव मी मागाहून लावून घेईन, साहेबांची घाई संपली की बोलते. रागावू नकोस, वहिनी. दुसरी वाट नव्हती.

तुझी,
पोलिक्सेनी

---

योआनिना, ७ जानेवारी

पोलिक्सेनी,

काल अक्रोनेरीला मी होते. पूल हलला नाही. आधी तेच कळवते.

मी जाणार नव्हते. पण खरंच थांबवलाय का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडेना. सासूबाईंच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला लांब्रोस, असे नेहमीसारखे उभे राहिलो. प्रार्थना सुरू होण्याआधी पाद्रीबुवांनी सगळ्यांना सांगितलं, की नव्या यंत्रात मोठा धोका होता आणि तो आपल्याच गावच्या लेकीनं ओळखला. लोक मागे वळून सासूबाईंचे हात धरू लागले. बेकरीवाल्या बाईनं तर त्यांचे मुके घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तू पण त्याच कामात होतीस ना गं? तुला नाही का दिसलं?”

मी लांब्रोसकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक आहे. तुझं ते शिव्यांचं पत्र आलं त्या दिवसापासून मी माझं मॉडेल त्याच्यासमोर बसून केलंय. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. मोठ्यांदाही नाही, आईच्या कानात बोलला असता तरी चाललं असतं.

तो म्हणाला, “जाऊ दे ना आई, तिला कुठं एवढं कळतं?”

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. क्रूस पाण्यात पडला, तो काढायला मुलांनी उड्या मारल्या, भोंगे वाजायला लागले. मी वाट काढत पुलावरून उतरले आणि बस पकडून इथं माझ्या आईकडे आले. अंगावरचे कपडे सोडले तर काही आणलेलं नाही. शाल तिथंच राहिली, ती आणायला कुणी येणार नाही.

साहेबांशी माझ्या नावाबद्दल बोलू नकोस. ‘मागाहून’ म्हणजे कधी, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. पूल थांबवलास ते बरोबर केलंस. तुझ्या जागी असते तर मीही सही केली असती, आणि मलाही अशीच शाबासकी मिळाली असती. हे कळतं, तरी मला त्यानं बरं वाटत नाही.

मला परत वहिनी म्हणू नकोस. तुझं पत्र आलं तर मी ते न उघडता परत पाठवीन.

अरिस्तेया